आधी अनामत, मग उड्डाण

2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यातून आकाशात जळत जाणाऱ्या गोळ्यांची एक रांग दिसली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावातील मोकळ्या जागेत, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले आणि पुढच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे पोकळ गोळेही सापडले. चीनने फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या एका ‘लाँग मार्च’ रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. कडे पोलीस ठाण्यात जमा झाले, इस्रोचे पथक येऊन पाहून गेले आणि चर्चा विरली. आमच्या मराठवाड्यात तर ‘तिकडे विदर्भात काहीतरी पडले’ यापलीकडे ती फारशी गेलीच नाही.

अवकाशातून पडणाऱ्या लोखंडाने माणूस दगावण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला आहे, उरलेल्यात वस्ती विरळ आहे आणि खाली येणाऱ्या वस्तूचा बराचसा भाग वातावरणातच जळून जातो. जे पडले ते संपले. चिंता करायची ती जे पडत नाही, वर्षानुवर्षे वरच फिरत राहते, त्याची. आणि ते तिथे राहते याला तंत्रज्ञानाच्या मर्यादेपेक्षा हिशेबाची पद्धत अधिक जबाबदार आहे. उपग्रहाची कमाई सोडणाऱ्याच्या खात्यात जमा होते आणि उपग्रह निकामी झाल्यावर मागे उरणाऱ्या धोक्याची किंमत मात्र सगळ्यांनी मिळून मोजायची, असा हा व्यवहार आहे. तो बदलायचा असेल तर प्रक्षेपणापूर्वीच विल्हेवाटीची अनामत रक्कम घेतली पाहिजे, भारताने इतरांची वाट न पाहता तशी तरतूद आपल्या कायद्यात केली पाहिजे, आणि ही मागणी मराठवाड्यासारख्या कोरडवाहू भागातून जोरात उठली पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रश्नाचा आकार आधी पाहू. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार 1 सेंटिमीटरपेक्षा मोठे सुमारे 12 लाख तुकडे पृथ्वीभोवती फिरत आहेत आणि 1 मिलिमीटर ते 1 सेंटिमीटर या आकाराच्या कणांची संख्या 13 कोटींच्या पुढे जाते. जमिनीवरच्या रडारांना आणि दुर्बिणींना ज्यांचा नियमित माग ठेवता येतो अशा वस्तू सुमारे 40 हजार आहेत. त्यांतले चालू उपग्रह 11 हजारांहून अधिक आणि बाकीचे म्हणजे निकामी उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे आणि स्फोटांतून, टकरींतून उडालेले तुकडे. पृथ्वीजवळच्या कक्षेत यांचा वेग सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर असतो. या वेगाने छत्रपती संभाजीनगरहून नांदेडला सरळ रेषेत पोहोचायला अर्धे मिनिट लागेल. शिवाय सगळे एकाच दिशेने फिरत नसल्यामुळे समोरासमोरच्या टकरीत हा वेग आणखी वाढतो.

यांत सर्वाधिक अडचणीचा गट मधला आहे. 10 सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू दिसते, त्यामुळे उपग्रहाला थोडे इंधन जाळून बाजूला घेता येते. मिलिमीटरभर कणाचा मार आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासारख्या यानाचे कवच झेलू शकते. पण 1 ते 10 सेंटिमीटरचा तुकडा धड दिसतही नाही आणि अडवताही येत नाही. अगदी लहान कणही काय करतो, हे ऑगस्ट 2016 मध्ये दिसले. ‘सेंटिनेल-1ए’ या युरोपीय रडार उपग्रहाच्या सौर पंखावर काही मिलिमीटरचा एक कण आदळला. उपग्रहावरच्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रात पंखाचा सुमारे 40 सेंटिमीटरचा भाग विस्कटलेला दिसतो. वीज थोडी घटली, उपग्रह आपल्या जागेवरून किंचित ढळला, पण काम चालू राहिले. कण थोडा मोठा असता तर चालू राहिले नसते. नोव्हेंबर 2025 मध्ये चीनच्या ‘शेनचौ-20’ यानाच्या खिडकीला बारीक तडे गेल्याचे आढळले, कचऱ्याचा कण लागल्याचा संशय आला आणि त्यातील तिघा अंतराळवीरांना दुसऱ्या यानातून परत आणावे लागले.

अवकाश अफाट आहे, तिथे कसली आली गर्दी, असे म्हणणाऱ्यांना एकच सांगायचे आहे: उपग्रह अफाट अवकाशात राहत नाहीत, ते ठरावीक उंचीच्या मोजक्या पट्ट्यांत राहतात. आणि उंचीवर सगळे अवलंबून आहे. 300 किलोमीटरवरचा तुकडा विरळ हवेच्या घर्षणाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खाली येतो. 500 किलोमीटरवरच्याला काही वर्षे लागतात. 800 किलोमीटरवरचा तुकडा शंभर वर्षांहून अधिक काळ तिथेच राहू शकतो. 36 हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेतून, म्हणजे जिथला उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो तिथून, तर काहीच आपोआप खाली येत नाही. तिथला मेलेला उपग्रह सुमारे 300 किलोमीटर आणखी वर ढकलून देणे एवढेच हाती असते.

दुर्दैवाने कचऱ्याच्या दोन सर्वांत वाईट घटना नेमक्या 800 किलोमीटरच्या आसपास घडल्या आहेत. 11 जानेवारी 2007 रोजी चीनने आपलाच जुना हवामान उपग्रह ‘फेंगयुन-1सी’ क्षेपणास्त्राने फोडला आणि माग ठेवता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे सुमारे 860 किलोमीटरवर विखुरले. 10 फेब्रुवारी 2009 रोजी सैबेरियावर सुमारे 790 किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू ‘इरिडियम-33’ आणि रशियाचा केव्हाच निकामी झालेला ‘कॉसमॉस-2251’ एकमेकांवर आदळले; त्यातून आणखी दोन हजारांवर तुकडे निघाले. आता त्याच पट्ट्यात कामाचे कोण आहे ते पाहा. हवेतील आर्द्रता आणि तापमान थराथराने मोजणारे युरोपचे ‘मेटॉप’ उपग्रह सुमारे 817 किलोमीटरवर आहेत. पिकांची आणि जमिनीची छायाचित्रे घेणारे इस्रोचे ‘रिसोर्ससॅट-2’ आणि ‘2ए’ साधारण तेवढ्याच उंचीवर फिरतात. ‘सेंटिनेल-2’ 786 किलोमीटरवर आहे.

मराठवाड्याचा संबंध इथे येतो. टीव्हीवर ढगांचे जे चित्र दिसते ते 36 हजार किलोमीटरवरच्या ‘इन्सॅट’ या भारतीय उपग्रहांचे असते; पण येत्या पाच-सात दिवसांत पाऊस उघडीप देणार की झोडपणार, हे गणित मांडणारी संगणकावरची हवामान-प्रारूपे ध्रुवीय कक्षेतील, म्हणजे ‘मेटॉप’सारख्या ध्रुवांवरून फिरणाऱ्या, उपग्रहांनी मोजलेल्या आर्द्रतेवर मोठ्या प्रमाणात विसंबून असतात. पेरणी करावी की चार दिवस थांबावे, सोयाबीन काढून ठेवावे की उभे राहू द्यावे, हा निर्णय ज्या शेतकऱ्याला एका पावसाच्या भरवशावर घ्यावा लागतो, त्याला हा अंदाज किती मोलाचा असतो हे जालना किंवा परभणीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. दुबार पेरणीचा खर्च त्याने स्वतः केलेला असतो.

अंदाजापुरतेच हे थांबत नाही. 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेपासून दुष्काळ ठरवण्याच्या निकषांत उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांक, म्हणजे जमिनीवरच्या हिरवाईचे मोजमाप, आला. 2018 मध्ये राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा या निकषांचा आधार होता. 2023 च्या खरिपापासून पीक विम्यात सोयाबीन आणि कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज काढताना दूरसंवेदनाला, म्हणजे उपग्रहावरून केलेल्या पाहणीला, 30 टक्के भारांकन दिले गेले आणि उरलेले पीक कापणी प्रयोगाला. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत नद्यांचे पाणी शिवारांत पसरले. अशा वेळी ढगांच्या आडून जमीन पाहू शकते ते रडार उपग्रहांचेच डोळे. ज्याच्या पंखाला कण लागला तो ‘सेंटिनेल-1ए’ अशाच जातीचा उपग्रह होता.

या उपग्रहांवर आमच्याकडच्या शेतकऱ्याचा राग आहे, हेही इथेच नोंदवायला हवे. शिवारात तण माजले किंवा शेजारी कालव्याखालचा ऊस उभा असला की उपग्रहाला सगळे हिरवेच दिसते आणि करपलेले सोयाबीन कागदावर येत नाही, ही तक्रार प्रत्येक कोरड्या वर्षी होते आणि तिच्यात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय अधिक बारकाईने आणि अधिक वेळा पाहणारे उपग्रह हा आहे. नुकसानीचा निवाडा पुन्हा केवळ पंचनाम्याच्या आणि ओळखीपाळखीच्या हवाली झाला, तर कोणाचा फायदा होईल ते गावोगाव ठाऊक आहे.

नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी 1978 मध्येच दाखवून दिले होते की एका मर्यादेनंतर टकरींतून निघालेले तुकडेच नव्या टकरी घडवू लागतील, आणि मग नवे प्रक्षेपण पूर्ण थांबवले तरी तुकड्यांची संख्या वाढत जाईल. अनेकांच्या डोळ्यांपुढे यातून एका दिवसात सारे उपग्रह नष्ट होण्याचे चित्र येते. प्रत्यक्षात ही प्रक्रिया दशकानुदशके चालणारी, संथ आहे, आणि म्हणूनच राजकारणाच्या दृष्टीने अधिक धोक्याची आहे. तिच्यात कोणत्याही एका वर्षी कोणाला काही करावेसे वाटेल असा प्रसंग येत नाही. मराठवाड्याने हे भूजलाच्या बाबतीत अनुभवले आहे. शेजाऱ्याची बोअर पाचशे फुटांवर गेली म्हणून मी सातशे फुटांवर जायचे, मग त्याने नऊशेवर. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा आणि खालचे पाणी सगळ्यांचे. 60 मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींना आळा घालणारा राज्याचा भूजल कायदा 2014 मध्ये लागू झाला. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बोअरच्या गाड्या त्या काळातही फिरतच होत्या, कारण नियम मोडणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ कुठेच लागत नव्हती.

अवकाशातील नियमांची अवस्था याहून बरी नाही. 1972 चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार सांगतो की अवकाशातील वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले तर ती सोडणारा देश, दोष असो वा नसो, भरपाईस बांधील आहे. जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस-954’ कॅनडात कोसळला तेव्हा कॅनडाने सुमारे 60 लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि 1981 मध्ये 30 लाखांवर तडजोड झाली. लाडबोरीत एखादे घर पाडले गेले असते तर याच कराराखाली भारताला दावा लावता आला असता. परंतु हाच करार कक्षेतील नुकसानीसाठी दोष सिद्ध करायला सांगतो. 800 किलोमीटरवर दोन सेंटिमीटरच्या तुकड्याने उपग्रह निकामी केला तर तो तुकडा कोणाचा हेच कळत नाही, मग दोष कोणाचा हे ठरवणार कसे? 2009 च्या टकरीत तर दोन्ही मालक माहीत होते, तरीही दोषाचा निवाडा झाला नाही.

बाकीचे सारे मार्गदर्शक तत्त्वांच्या पातळीवर आहे. काम संपल्यावर 25 वर्षांच्या आत उपग्रह खाली आणावा, हे तत्त्व अनेक वर्षे प्रचलित राहिले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2022 मध्ये आपल्या परवानाधारकांसाठी ती मुदत पाच वर्षांवर आणली. याच आयोगाने ऑक्टोबर 2023 मध्ये डिश नेटवर्क या कंपनीला, तिचा जुना भूस्थिर उपग्रह ठरलेल्या 300 किलोमीटरऐवजी जेमतेम 122 किलोमीटर वर नेऊन सोडल्याबद्दल, दीड लाख डॉलरचा दंड केला. कचऱ्यासाठीचा हा त्या आयोगाचा पहिलाच दंड म्हणून गाजला. उपग्रहाची किंमत काही कोटी डॉलर असते हे लक्षात घेतले तर दंड भरून मोकळे होणे कंपनीला कधीही परवडेल.

म्हणून मी दंडापेक्षा अनामतीच्या बाजूचा आहे. दंडात चूक शोधायची, सिद्ध करायची आणि वसूल करायची जबाबदारी सरकारवर पडते; अनामतीत आपले काम नीट झाले हे दाखवून पैसे परत मागण्याची जबाबदारी उपग्रहाच्या मालकावर येते. परवाना देतानाच उपग्रहाचे वजन, त्याची उंची आणि त्या उंचीवर तो आपोआप किती वर्षे टिकेल, यांवरून रक्कम ठरवावी. 450 किलोमीटरवरच्या लहान उपग्रहाला ती नाममात्र असेल, 800 किलोमीटरवरच्या मोठ्या उपग्रहाला आणि तिथे सोडून दिलेल्या रॉकेटच्या टप्प्याला जबर असेल. उपग्रह वातावरणात शिरल्याची किंवा ठरलेल्या कक्षेत हलवल्याची नोंद झाली की रक्कम परत; तोवरचे व्याज कचऱ्याचा माग ठेवणाऱ्या यंत्रणेला. कंपनी बुडाली तर जप्त झालेली अनामत पुढे तो सांगाडा खाली आणण्याच्या कामी वापरता येईल. 2020 मध्ये तीन संशोधकांनी कक्षा वापरण्यासाठी वार्षिक शुल्काची सूचना केली होती आणि 2040 पर्यंत ते उपग्रहामागे वर्षाला सुमारे 2 लाख 35 हजार डॉलरवर जावे असे गणित मांडले होते. त्यांचा विचार मोलाचा आहे, परंतु एकदा शुल्क भरले की कचरा मागे ठेवण्याचा हक्कच विकत घेतला, अशी समजूत होण्याची भीती मला वाटते. परत मिळणाऱ्या पैशाची ओढ वेगळी असते.

यावर पहिला आक्षेप भारतातील नवउद्योगांचा असेल: आम्ही आत्ता कुठे उभे राहतो आहोत आणि तुम्ही आमचे भांडवल अडकवता. आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर बँक हमीचे किंवा विम्याचे आहे, सूट देण्याचे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कक्षेतील बहुतेक कचरा अमेरिका, रशिया आणि चीन यांनी केलेला आहे, मग भारताने आपल्याच पायात बेडी का घालावी? या युक्तिवादातला न्यायाचा मुद्दा मला मान्य आहे आणि जुना कचरा काढण्याचा खर्च ज्यांनी तो केला त्यांनीच उचलावा, असा आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय मंचावर जरूर धरावा. मात्र आपली शेती, हवामान, दळणवळण ज्या कक्षांवर चालते त्या बिघडल्यास त्यांना आणि आपल्याला सारखीच झळ लागणार नाही. ते दोन वर्षांत नवा उपग्रह उभारतील, आपल्याला एकेक उपग्रह दहा-दहा वर्षे पुरवावा लागतो.

शिवाय भारताकडे बोलण्याचा अधिकार आहे आणि तो बऱ्याच अंशी इस्रोने कमावलेला आहे. मार्च 2023 मध्ये सुमारे 860 किलोमीटरवरचा जुना ‘मेघा-ट्रॉपिक्स-1’, मूळ रचनेत तशी सोय नसतानाही, उरलेले इंधन काटकसरीने वापरून टप्प्याटप्प्याने खाली आणला आणि नियंत्रित रीतीने प्रशांत महासागरावर संपवला. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘कार्टोसॅट-2’ हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. जानेवारी 2024 मध्ये उडालेल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा शेवटचा टप्पा 650 किलोमीटरवरून 350 किलोमीटरवर आणून त्याच वर्षी मार्चमध्ये संपवण्यात आला. 2030 पर्यंत सर्व भारतीय मोहिमा, सरकारी आणि खासगी, कचरामुक्त करण्याचा संकल्प एप्रिल 2024 मध्ये बंगळुरूत जाहीर झाला. चांद्रयान-3 चे उड्डाण संभाव्य टक्कर टाळण्यासाठी चार सेकंद उशिरा केले गेले, एवढी ही दक्षता बारीक आहे.

दुसरी बाजू झाकून हा अधिकार टिकणार नाही. 2001 मध्ये पीएसएलव्ही-सी3 चा वरचा टप्पा कक्षेत फुटला आणि 371 तुकडे झाले. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेला घुमटाकार सांगाडा पीएसएलव्हीचाच निघाला. 27 मार्च 2019 रोजी ‘मिशन शक्ती’त आपण आपलाच उपग्रह सुमारे 300 किलोमीटरवर फोडला, उंची कमी निवडली हे चीनच्या तुलनेत जबाबदारीचे होते, पण काही तुकडे बरेच वर फेकले गेले आणि काही आठवड्यांत सारे जळून जाईल हे आश्वासन खरे ठरले नाही, वर्षभरानंतरही काही तुकडे कक्षेत होतेच. डिसेंबर 2022 मध्ये अशा चाचण्या न करण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 155 मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. क्षमता सिद्ध झालेली आहे, ती पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही. अशी चाचणी यापुढे करणार नाही हे भारताने स्वतःहून जाहीर करायला हवे. संरक्षणशास्त्रातले जाणकार याला भाबडेपणा म्हणतील. रशियाने नोव्हेंबर 2021 मध्ये केलेल्या चाचणीनंतर अवकाश स्थानकातील लोकांना, त्यांत रशियाचेच अंतराळवीर होते, आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता कायद्याचे. अवकाश विधेयकाचा मसुदा 2017 मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, 2023 मध्ये अवकाश धोरण आले, खासगी कंपन्यांना परवानगी देणारी ‘इन-स्पेस’ ही यंत्रणा काम करते आहे; पण संसदेने केलेला स्वतंत्र कायदा अजून नाही, आणि अनामत घेणे, जप्त करणे हे मार्गदर्शक सूचनांच्या जोरावर न्यायालयात टिकणे अवघड आहे. विधेयक येईल तेव्हा त्यात ही तरतूद असावी यासाठी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील खासदारांनी आवाज उठवावा. शेतीच्या प्रश्नांवर बोलताना ते हवामान अंदाजाच्या चुका नेहमी काढतात, त्या अंदाजाच्या साधनांचे रक्षण हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

राज्य सरकारला मात्र तेवढे थांबण्याची गरज नाही. 5 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवण्यासाठी त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांच्याबरोबर धाराशिवचेही नाव आहे. या कंपनीचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर किंवा त्याखाली असतात, निकामी झाले तरी काही वर्षांत खाली येतात, हे तिच्या बाजूने सांगायला हवे. पण डिसेंबर 2023 ते मे 2024 या सहा महिन्यांत तिच्या उपग्रहांना टक्कर टाळण्यासाठी सुमारे 50 हजार वेळा बाजूला सरकावे लागले, हीही तिचीच आकडेवारी आहे. अवकाशावर कायदा करणे राज्याच्या हाती नसले तरी सेवा विकत घेणाऱ्याला अट घालता येते. इरादापत्राचे करारात रूपांतर होईल तेव्हा वर्षभरात किती उपग्रह निकामी झाले, त्यांतले किती खाली आले आणि उरलेल्यांच्या विल्हेवाटीसाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे, हे दरवर्षी मराठीत जाहीर करण्याचे कलम त्यात घालावे, आणि धाराशिव जिल्ह्यातील ज्या गावांच्या नावाने ही सेवा घेतली जाईल त्यांच्या ग्रामसभांपुढे तो कागद वाचून दाखवावा. एवढ्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.